महाग केबलने चित्र सुधारते का?

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या शाळेत संगणक दूरचित्रवाणी संचाला जोडायचा आहे, असे समजा. दुकानदार दोन एचडीएमआय केबल दाखवतो: एक स्वस्त, दुसरी सोनेरी टोकांची, महाग. कोणती घ्यावी?

श्रुतलेखनाचा तास आठवा. शेवटच्या बाकावर आवाज क्षीण पोहोचतो. पण शब्द ओळखता आला, तर विद्यार्थी तो अचूकच लिहितो. २००२ साली ठरलेल्या एचडीएमआय पद्धतीत असेच घडते. केबलमधून ० आणि १ हे अंक जातात. ते नीट ओळखता आले, की चित्र मुळाबरहुकूम उमटते. महाग केबल त्यात भर घालू शकत नाही. जुन्या व्हीजीए केबलमधून मात्र विद्युतदाबाचे चढउतार जातात. त्यामुळे संकेत जितका बिघडेल, तितके चित्र अंधुक होते.

मग पाहायचे काय? वेग आणि लांबी. १९२० × १०८० ठिपके, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ६० चित्रे. गुणाकार करा: सुमारे ३०० कोटी बिट! वेष्टणावर 'हाय स्पीड' असे छापलेली केबल एवढ्याला पुरते. केबल फार लांब असली, तर संकेत क्षीण होऊन अंक चुकतात. पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके चमकतात किंवा चित्र मधूनमधून जाते. अशा वेळी आखूड केबल लावून पाहा. चित्र स्थिर झाले, तर दोष केबलचा. संच दुरुस्तीला नंदुरबारपर्यंत नेण्याचे कारण नाही.