वनरक्षक थांबवतो तेव्हा

आजचा विषय ऐकायला साधा वाटेल. रविवारी आपण घरच्यांना घेऊन फिरायला जातो. मुलं पुढे पळतात, कुणीतरी डबा उघडतं, कुणी पायवाटेवरून जरा आत शिरतं. तेवढ्यात खाकी कपड्यातला माणूस समोर येतो आणि म्हणतो, “काका, इकडे जाता येणार नाही.” पुढची पाच मिनिटं काय घडतं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

आम्ही लोकांना घेऊन जंगलफेऱ्या काढतो, त्यामुळे ही पाच मिनिटं आम्ही पुष्कळदा पाहिली आहेत. आमचं म्हणणं असं की भांडण बहुतेक वेळा एका शब्दापासून सुरू होतं. तो शब्द म्हणजे ‘उद्यान’.

बघा, महापालिकेची बाग म्हणजे उद्यान. राणीच्या बागेचं अधिकृत नावही उद्यानच. आणि बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तेही उद्यानच. बोलताना तर आपण सरळ ‘नॅशनल पार्क’ म्हणतो. मग डोक्यात हिशोब असा बसतो की बागेत जशी मोकळीक, तशीच इथे. तिकीट काढलं, आता आत काय करायचं ते आमचं आम्ही बघू. पण कायदा या दोन जागांकडे अगदी उलट नजरेने बघतो. बागेत मनाई केलेल्या गोष्टी सोडून बाकी सगळं करता येतं. राष्ट्रीय उद्यानात मुळात प्रवेशच बंद असतो आणि परवानगी मिळेल तेवढाच उघडतो.

हे कुठे लिहिलंय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात. त्याचं कलम २७ अभयारण्यात कुणाला जाता येईल ते सांगतं आणि कलम ३५ तेच नियम राष्ट्रीय उद्यानांना लावतं. कामावर असलेला सरकारी नोकर, परवानगी घेतलेला माणूस, आत ज्याची स्थावर मालमत्ता आहे तो, सार्वजनिक महामार्गाने पलीकडे जाणारा, आणि यांच्यावर अवलंबून असणारी माणसं. यादी इथे जवळपास संपते. कलम २८ परवानगी कशासाठी देता येईल ते सांगतं: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. गेटवरचं तिकीट म्हणजे यातल्या पर्यटनाची परवानगी. ती ठरलेल्या भागापुरती आणि ठरलेल्या वेळेपुरती असते. सोमवारी उद्यान बंद, म्हणजे त्या दिवशी परवानगी बंद.

आता वनरक्षकाचा प्रश्न वेगळा ऐकू येईल. “इथे कसे आलात?” हा आपल्याला आगाऊपणा वाटतो. प्रत्यक्षात तो एवढंच विचारतोय की तुमच्या परवानगीत ही जागा येते का. त्याला “आम्ही टॅक्स भरतो” हे उत्तर होत नाही. “हे बघा तिकीट, आम्ही कान्हेरीला निघालोय, वाट चुकली का?” हे उत्तर होतं. तेवढ्यावर तो वाट दाखवतो आणि विषय संपतो.

कान्हेरीचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगून टाकू. लेणी उद्यानाच्या आत आहेत, पण ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. म्हणून तिथे वेगळं तिकीट आणि वेगळे कर्मचारी. खाली गेटवर पैसे भरले, मग वर परत का, हा वाद तिथे नेहमी ऐकू येतो. एकाच डोंगरावर दोन खाती आहेत, एवढंच त्याचं उत्तर.

आता हा खाकीतला माणूस नेमका कोण? खात्याची उतरंड अशी: सगळ्यात खाली वनमजूर, मग वनरक्षक, त्याच्यावर वनपाल, त्याच्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी, ज्यांना सगळे आरएफओ म्हणतात, मग सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक आणि पुढे वर. वनरक्षकाकडे एक बीट असतं. त्या बीटातलं तोडलेलं झाड, लागलेला वणवा, मेलेलं जनावर, सगळ्याचा पहिला जाब त्याला विचारला जातो. गेटवरचा सुरक्षारक्षक, बसचा चालक, सफाई करणाऱ्या मावशी हेही तिथे काम करतात, पण कायद्यातले अधिकार त्यांच्याकडे नसतात. शंका आली तर ओळखपत्र जरूर मागावं. फक्त “दादा, जरा ओळखपत्र दाखवता का?” असं मागावं. “तू कोण रे विचारणारा?” असं नव्हे.

अधिकार कोणते, ते कलम ५० मध्ये आहे. गुन्हा झाला आहे असं मानायला सबळ कारण असेल तर वनाधिकारी गाडी थांबवू शकतो, सामान तपासू शकतो, वस्तू जप्त करू शकतो. कुणी परवानगी लागणारी गोष्ट करताना दिसलं, तर त्याला थांबवून परवाना मागू शकतो. परवाना नसेल तर वॉरंटशिवाय अटकही करता येते. ऐकून घाबरायला होतं ना? पण ते वाक्य तिथे संपत नाही. त्या माणसाने आपलं नाव-पत्ता दिला आणि बोलावणं आलं की हजर राहीन याची अधिकाऱ्याला खात्री पटवली, तर ही अटक टळते, असं त्याच वाक्यात लिहिलं आहे.

म्हणजे कायद्याने वाद टाळण्याची किल्ली आपल्याच हातात दिली आहे. नाव आणि पत्ता सांगा. आपण मात्र नेमकं तिथेच अडतो. “नाव कशाला सांगू?” म्हणतो, फोन काढून चित्रीकरण सुरू करतो, नाहीतर कुठल्यातरी साहेबांना फोन लावतो. साध्या चौकशीचं प्रकरण इथे होतं. धक्काबुक्की झाली तर विषयच बदलतो. कर्तव्यावरच्या सरकारी नोकरावर हात टाकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली वेगळा गुन्हा आहे. मूळची चूक फक्त पायवाट सोडण्याची होती, हे मग कुणी ऐकत नाही.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगायला हवी, कारण वनरक्षकाच्या अधिकारालाही काठ आहे. अटक केलेल्या माणसाला विलंब न लावता न्यायदंडाधिकाऱ्यासमोर न्यावं लागतं. महिलेची अंगझडती महिलेनेच घ्यायची असते. विनाकारण, त्रास देण्यासाठी जप्ती केली तर कलम ५३ खाली त्या अधिकाऱ्यालाच ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि महत्त्वाचं म्हणजे, रक्कम घेऊन गुन्हा मिटवण्याचा अधिकार कलम ५४ प्रमाणे राज्यात उपवनसंरक्षकाच्या खालच्या दर्जाला देता येत नाही. झाडाखाली उभं राहून “द्या पाचशे, मिटवून टाकू” हे कायद्यात बसत नाही. कसलीही रक्कम भरायला सांगितली तर पावती मागा. पावती नाही तर पैसे नाहीत. आणि आपणहून “चहापाण्याचं बघा” असं म्हणणं तर त्याहून वाईट. त्यातून आपण त्या माणसाला शिकवतो की नियम विकत मिळतो. उद्या तोच नियम फासे लावणाराही विकत घेईल.

आता ज्या गोष्टींवरून लोक अडकतात त्या सांगतो. त्यातल्या बऱ्याच आपल्याला गुन्हा वाटतच नाहीत.

पहिली, चूल. भाकरी-पिठलं गरम करायला तीन दगड मांडले, काय बिघडलं? कलम ३० प्रमाणे जंगलाला धोका होईल अशी आग पेटवता येत नाही आणि जळती ठेवून निघताही येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.

दुसरी, करवंदं. मे महिन्यात जाळीला काळीभोर करवंदं दिसली की हात जातोच. पण या कायद्यातल्या ‘वन्यजीव’ या शब्दात वनस्पतीही येतात, आणि राष्ट्रीय उद्यानातून वनोपज नेता येत नाही.

तिसरी, माकडांना बिस्किटं. प्राण्यांना छेडणं आणि कचरा टाकणं दोन्ही कलम २७ मध्येच मना आहे. खाऊ घालणं आपल्याला प्रेम वाटतं, पण पुढच्या आठवड्यात तेच माकड कुणाच्या तरी मुलाच्या हातातली पिशवी ओढतं.

चौथी, घरटं. हे छायाचित्र काढणाऱ्यांसाठी. पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत येतं. आणि राष्ट्रीय उद्यानातल्या शिकारीला किमान ३ वर्षं कैद आहे. फोटो नीट यावा म्हणून घरट्यासमोरची फांदी वाकवण्याआधी हे आठवावं. लग्नाआधीचं फोटोशूट आणि ड्रोन यांना वेगळी परवानगी लागते, गेटचं तिकीट तिथे चालत नाही.

नियम मोडण्याची सर्वसाधारण शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा २५ हजारांवरून १ लाखावर गेली.

पण शिक्षा सांगून लोक सुधारतात यावर आमचा फार विश्वास नाही. वनरक्षक आपल्याला का थांबवतो, ते समजलं तर जास्त फरक पडतो. संजय गांधी उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे, चारी बाजूंनी मुंबई आणि ठाणे, आणि आत बिबटे. बिबट्या संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जास्त फिरतो. म्हणून दिवस मावळताना आत रेंगाळणारा माणूस दिसला की वनरक्षकाचा आवाज चढतो. २००४ च्या सुमारास या उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यात बरीच माणसं गेली. तेव्हा पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले. बिबट्या पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न मिटत नाही, उलट वाढू शकतो, हे जुन्नरकडच्या अभ्यासातून पुढे आलं. म्हणजे एखादा माणूस नको त्या वेळी नको तिथे गेला आणि काही झालं, तर किंमत त्या कुटुंबाबरोबर बिबट्यालाही मोजावी लागते. आणि पहिली चौकशी होते ती त्या बीटाच्या वनरक्षकाची.

हे काम सुखाचं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात वन्यप्राण्यांच्या खुणांची पाहणी करताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती पायीच होती. आपल्याला पायवाटेवर भेटणारा वनरक्षकही असाच पायी फिरणारा असतो.

म्हणून आम्ही फेरीला येणाऱ्यांना सांगतो की वनरक्षक भेटला तर थांबवायची वाट बघू नका, आधी आपणच बोला. कुठून आलो, कुठे चाललो, आणि वाटेत काय पाहिलं. धूर दिसला, तारेचा फास दिसला, कुत्र्यांचा घोळका दिसला, तर ती माहिती त्याच्या कामाची असते. रानडुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्याही अडकतो, आणि एकटा माणूस बीटातली प्रत्येक जाळी तपासू शकत नाही. तो जवळ नसेल तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे.

आता प्रश्न घेऊ.

एका ताईंनी विचारलंय: “आम्ही येऊरला रोज सकाळी जातो. आम्हाला अडवतात आणि पाड्यावरच्या बायका डोक्यावर मोळी घेऊन जातात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. हा कुठला न्याय?”

प्रश्न बरोबर आहे, दोन भागांत उत्तर देतो. येण्याजाण्याबद्दल बोलायचं तर आत राहणाऱ्याची आणि आपली परवानगी कायद्याने एकसारखी धरलेलीच नाही. पाड्यांचे हक्क किती आणि कुठवर हा मोठा, वादाचा विषय आहे, आणि मोळीचा प्रश्न त्यातच येतो. तो सोडवायची जागा पायवाट नव्हे. पण एवढं लक्षात घ्या की ती बाई तिथे फिरायला आलेली नाही, तिची चूल त्या मोळीवर पेटते. आपण दीड तासाने घरी जाणार असतो. तिच्याकडे बोट दाखवून आपली परवानगी वाढत नाही.

दुसरे गृहस्थ विचारतायत: “आणि वनरक्षकच उद्धट बोलला तर?”

तसंही होतं. तिथे वाद घालू नका. नाव विचारा, बीट कुठलं ते विचारा, वेळ लिहून ठेवा आणि सांगितलं तसं मागे फिरा. मग वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तक्रारीत काय घडलं तेवढंच लिहा, आपण कोण आहोत आणि आपली ओळख कुणाशी आहे ते लिहू नका. आमचा अनुभव असा की एक पानाची, तारीख-वेळ असलेली तक्रार वाचली जाते. चार पानी संतापाचं पत्र फाइलला लागतं.

वेळ संपली. पुढच्या वेळी बागेत मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी महापालिकेच्या उद्यानांचे नियम बघू. तोवर कुणी बोरिवलीला जाणार असाल तर तिकीट शेवटपर्यंत खिशात ठेवा, फेकू नका. आत कुणी विचारलं तर तेच दाखवायचं आहे.