थांबा, आधी रंगाचं वय विचारा!

दोस्तांनो, पाऊस उघडला की आपल्या शहापूर-मुरबाडकडे घराघरांत डागडुजीची गडबड सुरू होते. दारं फुगलेली, गजांना गंज चढलेला, ओटीच्या कठड्याचे रंगाचे पोपडे सुटलेले. बाबा म्हणतात, "दिवाळीआधी ऑइलपेंटचा एक हात मारून घेऊ." आणि पॉलिशपेपरचा तुकडा येतो तुमच्या हातात! "घास रे तेवढं दार, रविवारच आहे ना!"

तुम्ही घासायला लागता. पिवळी-लाल भुकटी उडते. धाकटी बहीण तिथंच रांगत असते. तिचा हात जमिनीवर आणि मग तोंडात!

त्या भुकटीत शिसं असू शकतं, बरं का!

रंग भडक दिसावा, लवकर वाळावा म्हणून पूर्वी तैलरंगात शिशाची संयुगं घालत. पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत ती जास्त सापडतात. देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर हेसुद्धा शिशाचंच ऑक्साइड. गेरू मात्र वेगळा, तो लोखंडाच्या ऑक्साइडचा. म्हणजे चुना आणि गेरूनं सारवलेल्या भिंतीपेक्षा रंगवलेली दारं, खिडक्या, गज, पाळणे यांच्याकडे आधी बघायचं.

शिशाची लबाडी अशी, की शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवून ठेवतं. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला ते सर्वांत जास्त बाधतं. ताप नाही, पुरळ नाही. पण लक्ष लागत नाही, पाठांतर होत नाही. आपण म्हणतो, "पोर आळशी आहे!" शिशाचं 'एवढं चालेल' असं कुठलंही प्रमाण माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे कोडं कुणी सोडवलं, ठाऊक आहे? ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे डोळ्यांचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी. मुलांना शिशाची बाधा होत होती, पण शिसं येतं कुठून ते कळेना. १९०४ मध्ये त्यांनी बोट दाखवलं ते व्हरांड्याच्या कठड्यांकडे! उन्हानं रंगाची भुकटी व्हायची, मुलांच्या हाताला लागायची आणि नखं खाताना, अंगठा चोखताना पोटात जायची. आपली ओटी तरी काय वेगळी?

भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे १०० किलोत ९ ग्रॅम, अशी ठरली. हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून आजी-आजोबांना विचारा, "हा रंग कधीचा?" त्याआधीचा असेल, किंवा आठवतच नसेल, तर शिसं आहे असंच धरून चाला. नुसतं बघून कळत नाही. खात्री हवी असेल तर सगळे थर येतील असा छोटा तुकडा मोठ्यांनी प्रयोगशाळेत तपासायला द्यावा.

मग रंगवायचंच नाही का? रंगवा की! पण असं :

● जुना रंग घट्ट असेल तर खरवडू नका. पुसून घ्या, वरून नवा हात द्या.

● पोपडे सुटले असतील तर मोठ्यांनी पाणी मारून, वॉटरपेपरनं ओलंच घासावं. कोरडं घासणं नको, ज्योतीनं जाळणं तर नकोच.

● मुलं आणि गरोदर बाई काम संपेपर्यंत लांब. खाली प्लॅस्टिक अंथरा. नंतर झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

● जुनी रंगवलेली लाकडं चुलीत किंवा बंबात घालू नका. धुरातून, राखेतून शिसं पसरतं.

● नव्या डब्यावर शिशाचं प्रमाण वाचा. कारखान्यातला उरलेला रंग घराला नको. ९० पीपीएमचा नियम घरगुती रंगांसाठी आहे.

आणि जेवणाआधी साबणानं हात धुवा. लोह-कॅल्शियम कमी असलं की शरीर शिसं जास्त शोषतं. तेव्हा नाचणीच्या भाकरीला नाक मुरडू नका! घरात आधीच कोरडं घासकाम झालं असेल, तर बाळाच्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.

आज शाळेतून घरी गेलात की दाराचं वय विचारा. आणि पॉलिशपेपर हातात आला तर बाबांना म्हणा, "थांबा, आधी पाणी आणतो आणि बाळाला आत नेतो!"