शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिने

कबड्डीत चढाईपटू मध्यरेषेकडे परत वळतो आणि त्याच क्षणी कुणीतरी त्याचा घोटा धरतो. पाऊल मॅटवर रुतलेलं, धड फिरलेलं, गुडघा किंचित वाकून आत झुकलेला. आतून ‘कट्’ असा आवाज येतो आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगतो. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे बहुधा सांध्यात साठलेलं रक्त. अशा गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटलेला असण्याची शक्यता फार मोठी असते. तरीही ‘लचक भरलीय’ म्हणून तेल चोळलं जातं. काही आठवड्यांनी सूज उतरते, मुलगा नीट चालू लागतो, घरचे निर्धास्त होतात. मग पुढच्या सामन्यात वळताना पाय गुडघ्यातून सटकतो. असं प्रत्येक सटकणं आतल्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला, चिरत जातं आणि खरं नुकसान तिथे होतं.

खुब्याच्या सांध्याला खोल खोबण असते, गुडघ्याला ती नाही. मांडीचं हाड नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेलं असतं आणि चार मुख्य अस्थिबंध त्याला जागेवर धरतात. दोन बाजूंना दोन, आणि मधोमध एकमेकांना छेदून जाणारे दोन. मधल्या दोघांपैकी पुढचा तो एसीएल. लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर, पण तरुण माणसात तो सुमारे 2,000 न्यूटन, म्हणजे दोनशे किलो वजनाइतका ताण पेलतो. नडगीला पुढे सरकू न देणं आणि तिचं फिरणं आवरणं हे त्याचं काम. खेळात तो तुटतो तेव्हा बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. वेगात असताना एकाएकी थांबणं, दिशा बदलणं किंवा उडीनंतर चुकीचं उतरणं एवढं पुरतं.

आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला, तर पट्टा लावून काही आठवड्यांत तो बहुधा आपोआप भरून येतो. एसीएलला हे सहसा जमत नाही, कारण त्याच्याभोवती सांध्यातला द्रव खेळत असतो. इतरत्र जखमेत रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या आधाराने नव्या पेशी वाढतात. इथे ती गुठळी टिकतच नाही, त्यामुळे तुटलेल्या टोकांमध्ये पूल बांधला जात नाही. बोस्टनच्या डॉ. मार्था मरे यांनी रुग्णाच्याच रक्तात भिजवलेला प्रथिनांचा स्पंज त्या जागी बसवण्याची पद्धत विकसित केली. 2020 च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला परवानगी दिली. आज मात्र रूढ पद्धत वेगळी आहे. मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध काढून, हाडांत बोगदे पाडून, दुर्बिणीतून एसीएलच्या जागी बसवायचा.

‘ऑपरेशन झालं, आता गुडघा पक्का’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. बसवलेल्या स्नायुबंधाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. त्यातल्या बऱ्याचशा पेशी मरतात. मग आजूबाजूच्या आवरणातून बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येतात आणि तंतू नव्याने विणले जातात. आंब्याच्या कलमासारखंच हे. बांधलं म्हणून लगेच जीव धरत नाही. या काळात तो बंध शस्त्रक्रियेच्या दिवशी होता त्याहूनही कमजोर असतो. आणि नेमकं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रुग्णाला छान वाटू लागतं. दुखणं थांबतं, सूज जाते, धावता येतं. प्रशिक्षकही विचारू लागतात, ‘कधी येतोस?’ डेलावेअर आणि ऑस्लो इथल्या संशोधकांचा 2016 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की मैदानावर परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवावं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला सुमारे निम्म्याने घटत गेला. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दोन्ही पायांत जवळपास सारखी होणं ही दुसरी अट. ती रोजच्या व्यायामाशिवाय पुरी होत नाही.

मग शस्त्रक्रिया प्रत्येकालाच हवी का? स्वीडनमध्ये 121 तरुण, क्रियाशील रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया केली. दुसऱ्याला आधी पद्धतशीर व्यायाम दिला आणि गरज पडली तरच नंतर शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच होते, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. उलट ज्यांचा गुडघा दुखापतीनंतर बराच काळ सटकत राहतो, त्यांना शस्त्रक्रियेचाच फायदा अधिक होतो, असं ब्रिटनमधल्या 316 रुग्णांच्या चाचणीने 2022 साली दाखवलं. म्हणून केवळ एमआरआयच्या अहवालावर निर्णय घेऊ नये. गुडघा सटकतो का, गादी फाटली आहे का, आणि या माणसाला त्या पायाकडून काय हवं आहे, हे आधी विचारावं. चढाई करणाऱ्या मुलीचं आणि दुकानात बसणाऱ्या तिच्या वडिलांचं उत्तर वेगळं असू शकतं.

एकाहून अधिक अस्थिबंध तुटून सांधाच निखळतो, ती गोष्ट निराळी. तिथे पहिला प्रश्न अस्थिबंधांचा नसतोच. गुडघ्यामागून जाणारी मोठी रोहिणी दुखावली आणि काही तासांत रक्तपुरवठा परत आला नाही, तर पाय गमवावा लागू शकतो. अशा अपघातात पावलाची नाडी लागते का, हे लगेच तपासायला हवं. क्रिकेटपटू ऋषभ पंतचा उजवा गुडघा 30 डिसेंबर 2022 च्या मोटार अपघातात निखळला होता. जानेवारीत मुंबईत त्याच्या अस्थिबंधांवर शस्त्रक्रिया झाली. स्पर्धात्मक सामन्यात तो उतरला मार्च 2024 मध्ये.

आता पुन्हा मैदानाकडे. एकच खेळ खेळणाऱ्या मुलामुलींमध्ये मुलींना एसीएलच्या दुखापतीचा धोका मुलांच्या दुपटीहून अधिक असतो. तो कमीही करता येतो. फुटबॉलसाठी ‘इलेव्हन प्लस’ नावाचा सुमारे वीस मिनिटांचा सराव आहे. त्यात धावणं, तोल सांभाळणं, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद आणि उडीनंतर उतरण्याची पद्धत शिकवतात. 2008 सालच्या नॉर्वेतल्या अभ्यासात 13 ते 17 वर्षांच्या मुलींच्या गंभीर दुखापती त्याने जवळपास निम्म्यावर आल्या. याला खर्च काहीच नाही. आपल्या कबड्डी-खोखोच्या मंडळांनी आणि शाळांनी तो आजच सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं. सुरुवातीला एवढं पाहावं: मुलगी उडी मारून उतरते तेव्हा तिचे गुडघे एकमेकांकडे झुकतात का? समोर उभं राहून मोबाइलवर चित्रण केलं, तरी ते स्पष्ट दिसतं.