घरातील पहिले टर्नटेबल : निवड आणि मांडणी

घरी ऐकण्यासाठी टर्नटेबल घ्यावयाचे ठरले, की यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी आपल्या संग्रहात कोणत्या तबकड्या आहेत, हे पाहावे. कलकत्त्यात १९०२ साली गौहर जान यांचे गायन मुद्रित झाले. त्यानंतर अनेक दशके भारतात मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्याच प्रचारात होत्या. दीर्घ तबकडी अमेरिकेत १९४८ साली आली. ती मिनिटास ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. आज मिळणारी पुष्कळशी यंत्रे ३३ आणि ४५ या दोनच गतींची असतात. म्हणून वाडवडिलांच्या तबकड्या ऐकावयाच्या असतील, तर ७८ ची सोय असलेलेच यंत्र निवडावे.

गतीइतकेच सुईलाही महत्त्व आहे. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असल्यामुळे तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. दीर्घ तबकडीला सुमारे १८ मायक्रॉन पुरते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासते व खरखर वाढवते. उलट, जाड सुई बारीक खाचेच्या भिंतीच खरडून काढते. हे नुकसान भरून येत नाही. आणि कित्येक गाणी अशा तबकड्यांखेरीज अन्यत्र उपलब्ध नसतात.

यंत्राची चकती पट्ट्याने फिरते किंवा थेट मोटरवर बसवलेली असते. दोन्ही प्रकार चांगले असू शकतात. मात्र अमेरिकेतून आणलेल्या जुन्या यंत्राविषयी सावध असावे. तेथील वीज ६० आवर्तनांची, आपली ५०. काही मोटरींची गती या आवर्तनांवरच अवलंबून असते. अशी मोटर येथे एकषष्ठांशाने मंद चालते आणि गायकाचा स्वर खाली उतरतो. शिवाय विद्युत्‌दाबातही फरक असतो.

चुंबकीय कार्ट्रिजमधून अवघे काही मिलिव्होल्ट मिळतात. तसेच तबकडी कोरताना खर्जाचे स्वर दाबलेले व तार स्वर उचललेले असतात. हा फरक उलटवून संदेश वाढवणारा फोनो प्रवर्धक अॅम्प्लिफायरमध्ये नसेल, तर तो वेगळा घ्यावा लागतो.

आता मांडणी. यंत्र भक्कम फळीवर, लाउडस्पीकरपासून दूर ठेवावे आणि चकतीवर पाणसळ ठेवून ते समपातळीत आणावे. नंतर सुई कोठेही टेकणार नाही अशी काळजी घेऊन, भुजेचे मागील वजन असे फिरवावे की भुजा आडवी तरंगत राहील. तेथे वजनावरील अंकपट्टी शून्यावर आणावी आणि मग कार्ट्रिजच्या निर्मात्याने सांगितलेला भार द्यावा. पुष्कळ चुंबकीय कार्ट्रिजांसाठी तो दोन ग्रॅमच्या आसपास असतो. भार जितका कमी, तितकी तबकडी सुरक्षित, असा एक समज आहे. तो खरा नाही. हलकी सुई खाचेत स्थिर राहत नाही, ती भिंतींवर आपटते आणि अधिक हानी करते.

शेवटी गती तपासावी. ५० आवर्तनांच्या विजेवर चालणाऱ्या साध्या दिव्याच्या प्रकाशात, १८० रेषा आखलेली कागदी चकती ३३ च्या गतीने फिरवली असता रेषा स्थिर दिसल्या पाहिजेत. त्या सरकू लागल्या, तर गतीत दोष आहे असे समजावे. एवढे झाल्यावर तबकडीवरील धूळ मऊ कुंचल्याने काढावी आणि मगच सुई खाचेत उतरवावी.