न दिसणारा साप

सर्पोद्यान पाहून आलेला माणूस बहुधा एकच तक्रार करतो : "पाटी होती, साप काही दिसला नाही." कोणी तर त्याला बाहेर काढण्यासाठी काचेवर टिचक्याही मारतो. आम्हांस येथे एवढेच सांगावयाचे आहे की, सापाला लपता येणे ही चैन नसून त्याची गरज आहे.

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. उजेड नकोसा झाला तरी डोळे मिटण्याची सोय नाही. अंधारातच शिरावे लागते. त्याला बाहेरचे कान नाहीत. परंतु जमिनीतील कंपने जबड्याच्या हाडांतून चटकन कळतात. आपली टिचकी त्याच्या लेखी शत्रूची चाहूल होय.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सापाला शरीराची ऊब आपल्यासारखी आतून मिळत नाही. ऊन व सावली यांत ये-जा करून तो ती राखतो. भक्ष्य पचविण्यासही ती लागते. गारठ्यात तो खात नाही, किंवा खाल्लेले ओकून टाकतो. म्हणून पिंजऱ्याची एक बाजू उबदार, दुसरी थंड आणि दोन्हीकडे आडोसा हवा. आडोसा एकीकडेच असेल, तर बिचाऱ्याला ऊब की आसरा, यांतून एकच निवडावे लागते.

तामिळनाडूतील इरुळा लोक पिढ्यान्‌पिढ्या साप धरीत आले. चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था १९७८ साली स्थापन झाली. सर्पदंशावरील लसीसाठी विष काढावयास आणलेले साप तेथे मातीच्या मडक्यांत, तोंडाला फडके बांधून ठेवतात आणि काही आठवड्यांनी रानात सोडतात. मडके पाहून आपल्याला कोंडमारा वाटेल. परंतु अंधार, गारवा आणि अंगाला लागलेली भिंत, बिळात जे असते तेच तेथेही असते.

याउलट नागपंचमीचा नाग पाहा. दूध हे त्याचे अन्न नव्हे. पाण्यावाचून ठेवलेला तहानेला जीव पुढे येईल ते पितो आणि आपण त्याला नैवेद्याचा स्वीकार समजतो!

नाग, धामण, अजगर घरी पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. तेव्हा त्यांच्या निगेत आपल्या वाट्यास येते ते इतकेच : दूध पाजू नये, काच वाजवू नये, आणि साप दिसला नाही तर तो सुखात असेल असे मानून पुढे चालावे.