काळी मूठ, लाल मूठ

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46 वर गेला की इथली हवा इतकी विरळ होते की समुद्रसपाटीपासून जेमतेम 190 मीटरवरचं हे शहर विमानाच्या इंजिनाला 1,350 मीटरवर असल्यासारखं वाटू लागतं. म्हणजे ऊन इथलं आणि हवा जवळपास महाबळेश्वरच्या उंचीवरची! 110 अश्वशक्तीच्या सेसना 152 ची आठवा हिस्सा ताकद अशा दुपारी इथल्या मोरव्याच्या धावपट्टीवरच गळून जाते. तेव्हा वैमानिकाच्या हाती उरतात पॅनलवरच्या दोन-तीन मुठी.

काळी मूठ थ्रॉटलची. लाल, कंगोरेदार मूठ मिक्श्चरची, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं याची. ती पूर्ण ओढली की इंजिन बंद. तिसरी कार्ब हीटची. पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटर आतून 20 अंशांहूनही जास्त गार पडू शकतो, त्यामुळे गडचिरोलीच्या दमट पावसाळ्यात, बाहेर घाम निथळत असताना, आत बर्फ धरतो. मूठ ओढली की एक्झॉस्टवर तापलेली हवा आत येते. बर्फ वितळून पाणी होताना इंजिन खोकतं, आणि नवशिका घाबरून नेमक्या त्याच क्षणी मूठ परत ढकलतो. सेसनासारख्या विमानांत ही गरम हवा फिल्टरला वळसा घालून येते. म्हणून कोळशाच्या धुळीच्या चंद्रपूर जिल्ह्यात जमिनीवर ती मूठ चाचणीपुरतीच ओढावी.

कारखान्यातलं विमान असेल तर या मुठी मनाला येईल तशा बदलता येत नाहीत. घरी बांधलेल्या विमानाची गोष्ट निराळी. आपल्याकडे त्याचं ठळक उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं, 2016 मध्ये मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी 2017 मध्ये, उडण्याचा परवाना 2019 मध्ये. विमानापेक्षा कागद जड, हे आपल्याकडच्या हौशी कारागिराला वेगळं सांगायला नको.

अशा विमानात सुधारणा म्हटलं की पहिली नजर जाते स्क्रीनकडे. माझं मत उलटं आहे: आधी मुठीपासून इंजिनापर्यंत जाणारी वायर बघा. स्कूटरच्या क्लच वायरची ही थोरली बहीण, फक्त ढकलणं आणि ओढणं दोन्ही करणारी. साध्या मुठीच्या जागी व्हर्नियर, म्हणजे फिरवायची मूठ, बसवली की मिक्श्चर फिरवून केसभर हलवता येतं आणि घाईच्या वेळी मधलं बटण दाबून मूठ सरळ सरकवता येते. मिक्श्चरला ही चैन शोभते. थ्रॉटलला मात्र मी ती बसवणार नाही. उतरताना बोटाला बटण शोधायला लावू नये.

वायर बदलली की खरी परीक्षा इंजिनाच्या बाजूला. मूठ पॅनलला टेकण्याआधी कार्बोरेटरवरचा लिव्हर आपल्या थांब्याला टेकला पाहिजे. पॅनलपाशी थोडी फट उरलीच पाहिजे. ती नसेल तर हाताला थ्रॉटल पूर्ण उघडल्यासारखा वाटतो, पण इंजिनाला तो पूर्ण मिळत नाही. वायर एक्झॉस्टपासून लांब हवी, आणि इंजिन थरथरलं तरी ताणली जाऊ नये इतकी ढिली.

रोटॅक्स 912 इंजिनात तर दोन कार्बोरेटर आणि दोन वायरी. दोन्ही एकाच क्षणी, सारख्याच उघडल्या नाहीत तर मंद गतीवर इंजिन हादरतं. मिक्श्चरची मूठ त्याला नाहीच. उंचीचा हिशेब कार्बोरेटर स्वतः करतो. 2012 मध्ये आलेल्या 912 आयएसमध्ये कार्बोरेटरच गेले, पेट्रोलचं गणित संगणकाकडे गेलं आणि बर्फाची ती जुनी भीती जवळपास संपली. पण ते सगळं विजेवर चालतं. तारांची जोडणी ज्याला नीट जमत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

कार्बोरेटरवाल्या रोटॅक्समधली एक गोष्ट मात्र मला फार आवडते. वायर तुटली तर तिथली स्प्रिंग थ्रॉटल पूर्ण उघडते. आलापल्लीच्या सागवानी जंगलावर ते घडलं तर खाली उतरायला जागा नाही, पण हातात पूर्ण ताकद आहे. मग मोरव्यापर्यंत यायचं, धावपट्टी हमखास हाती आली की इग्निशन बंद करायचं आणि इंजिनाशिवाय उतरायचं.