कुलूप न उघडता किल्ली बदलणारा मध्यस्थ : प्रॉक्सी री-एन्क्रिप्शन म्हणजे काय?

समजा, एका आजींचे गेल्या दहा वर्षांचे रक्ताचे अहवाल, सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेचे कागद क्लाउड सर्व्हरवर ठेवलेले आहेत. ही सगळी माहिती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कूटबद्ध आहे. ती वाचण्याची किल्ली फक्त आजींच्या मोबाइलमध्ये आहे. सर्व्हर चालवणाऱ्या कंपनीला तिथे निरर्थक आकड्यांपलीकडे काहीच दिसत नाही. अडचण येते ती दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायची वेळ आली की.

आजींनी आपली किल्लीच डॉक्टरांना दिली, तर त्यांना सगळेच वाचता येईल, तेही कायमचे. किल्ली सर्व्हरला देऊन 'तूच उघड आणि डॉक्टरांसाठी पुन्हा बंद कर' असे सांगितले, तर कंपनीतला एखादा कर्मचारी किंवा सर्व्हर फोडणारा चोरही ते वाचू शकेल. तिसरा मार्ग म्हणजे आजींनी स्वतः प्रत्येक अहवाल उघडून डॉक्टरांच्या किल्लीने पुन्हा बंद करायचा. हा मार्ग सुरक्षित आहे, पण प्रत्येक नव्या डॉक्टरसाठी आणि प्रत्येक नव्या अहवालासाठी हेच करावे लागेल. आजी स्वतःच अतिदक्षता विभागात असतील तर?

या कोंडीवरचा उपाय म्हणजे प्रॉक्सी री-एन्क्रिप्शन. यात सर्व्हर मध्यस्थाचे काम करतो. आजींसाठी बंद केलेली माहिती तो डॉक्टरांना उघडता येईल अशी करून देतो. पण हे करताना माहिती एका क्षणासाठीही उघडी होत नाही.

हे घडते कसे?

ही कल्पना १९९८ मध्ये मॅट ब्लेझ, गेरिट ब्लॉयमर आणि मार्टिन स्ट्रॉस यांनी मांडली. त्यासाठी त्यांनी ताहेर एल्गामल यांच्या १९८५ च्या कूटपद्धतीचा आधार घेतला. तिचे मर्म लहान आकड्यांतून समजते.

आजींची खासगी किल्ली ३ आणि डॉक्टरांची ५ आहे असे धरू. अहवाल बंद करताना दरवेळी एक नवी यादृच्छिक संख्या निवडली जाते, समजा ७. अहवाल या ७ च्या मदतीने झाकला जातो आणि त्याच्यासोबत ७ × ३ = २१ ही खूण ठेवली जाते. आजी २१ ला ३ ने भागतात, ७ मिळवतात आणि झाकण काढतात. डॉक्टरांच्या ५ ने मात्र २१ मधून ७ निघत नाहीत.

आता सर्व्हरला ५/३ ही एकच संख्या दिली जाते. तिला रूपांतर-किल्ली म्हणू. सर्व्हर २१ ला ५/३ ने गुणतो आणि खूण ३५ होते. डॉक्टर ३५ ला ५ ने भागतात आणि त्यांना तेच ७ मिळतात. सर्व्हरने फक्त खूण बदलली. झाकलेल्या अहवालाला त्याने हातही लावला नाही.

या छोट्या आकड्यांत ७ ओळखणे सोपे आहे. खऱ्या पद्धतीत संख्या शेकडो अंकी असतात आणि ७, २१, ३५ या संख्या घातांकात दडवलेल्या असतात. तिथून घातांक शोधून काढणे आजच्या संगणकांना व्यवहारात अशक्य आहे. त्यामुळे खूण आणि रूपांतर-किल्ली दोन्ही हाती असूनही सर्व्हरला काहीच वाचता येत नाही.

मोठ्या फायलींसाठी आणखी एक सोय असते. एमआरआयची जड फाइल एका वेगळ्या, जलद किल्लीने बंद केली जाते आणि रूपांतर फक्त त्या छोट्या किल्लीचे होते. फाइल जागची हलत नाही.

पहिल्या पद्धतीतली खोट

१९९८ च्या पद्धतीत तीन उणिवा होत्या. रूपांतर-किल्ली बनवायला दोघांच्याही खासगी किल्ल्या लागत. शिवाय ५/३ उलटे केले की ३/५ मिळते, म्हणजे आजींनी डॉक्टरांना दिलेली वाट डॉक्टरांकडून आजींकडेही उघडत असे. तिसरी उणीव सगळ्यांत गंभीर होती. डॉक्टर आणि सर्व्हर यांनी संगनमत केले, तर ५ आणि ५/३ यांवरून आजींची मूळ किल्ली ३ सहज निघते.

२००५ मध्ये ज्युसेप्पे अटेनीज, केव्हिन फू, मॅथ्यू ग्रीन आणि सुझन होहेनबर्गर यांनी द्विरेषीय युग्मन नावाचे गणित वापरून सुधारित पद्धती मांडल्या. त्यांत रूपांतर-किल्ली बनवायला आजींची खासगी किल्ली आणि डॉक्टरांची सर्वांना उपलब्ध असलेली सार्वजनिक किल्ली पुरते. वाट एकाच दिशेने उघडते आणि संगनमत झाले तरी आजींची मूळ खासगी किल्ली हाती लागत नाही.

कशावर भरवसा ठेवायचा?

या तंत्रात सर्व्हरवर वाचण्याच्या बाबतीत विश्वास ठेवावा लागत नाही, पण आज्ञा पाळण्याच्या बाबतीत ठेवावा लागतो. उपचार संपल्यावर आजींनी 'रूपांतर-किल्ली पुसून टाक' असे सांगितले, तर सर्व्हरने ती खरोखर पुसली पाहिजे. हा धोका कमी करण्यासाठी काही पद्धतींत रूपांतर-किल्लीचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरांवर ठेवतात. ठरावीक संख्येने सर्व्हर एकत्र आल्याशिवाय रूपांतर होत नाही.

दुसरी मर्यादा अशी की मूळ पद्धतीत एकदा रूपांतर-किल्ली दिली की त्या किल्लीखालचे सगळेच अहवाल डॉक्टरांसाठी खुले होऊ शकतात. हृदयाचे अहवाल दाखवायचे, पण मानसोपचाराचे नाहीत, असे हवे असेल तर दोन्हींसाठी वेगळ्या किल्ल्या वापराव्या लागतात, किंवा ठरावीक प्रकारापुरतेच रूपांतर करणाऱ्या पद्धती वापराव्या लागतात.

आणि जे डॉक्टरांनी एकदा वाचले, उतरवून घेतले, ते कोणतेही गणित परत आणू शकत नाही. परवानगी मागे घेता येते ती पुढच्या वाचनाची. म्हणून किल्ली कोणाला द्यायची, हा निर्णय शेवटी आजींचाच राहतो. मात्र तो घेताना मधल्या कंपनीलाही सगळे दाखवावे लागत नाही.